जुन्या टॅबमधले चारशे बारा शब्द

मित्रांनो, मी टॅब आहे. जुना म्हणजे चांगलाच जुना, सहावं वर्ष लागलंय मला. काचेला एका कोपऱ्यात तडा गेलाय, चार्जरची पिन जरा तिरकी धरल्याशिवाय मला वीज मिळत नाही आणि सलग अर्ध्या तासावर माझ्याने काही रेटवत नाही. म्हणून थांबत थांबत सांगतो, सांभाळून घ्या.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. एका लांबलचक पट्ट्यावरून आम्ही हजारभर भावंडं सरकत होतो. कुणी काच बसवली, कुणी पुसली, कुणी खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं बारकीच्या आईने.

बारकी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला ऐकू यायचं, सगळं समजायचं. तोंडातून आवाजही निघायचे, पण त्या आवाजांचे शब्द व्हायचे नाहीत. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आईला सांगितलं होतं, "टॅबवर चित्रांचं अ‍ॅप घ्या. ही चित्र दाबेल आणि टॅब बोलेल."

आई शिवणखान्यात शर्टांना बाह्या जोडायची. घरी आली की दार लावून घ्यायची, मला टेबलावर टेकवायची आणि एकेक शब्द स्वतःच्या आवाजात माझ्यात भरायची. 'पाणी.' 'अजून.' 'दुखतंय.' 'मामा.' शेजारच्यांनी दार आपटलं की तो शब्द पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर मशीन चालवून तिची पाठ धरलेली असायची, पण आवाजात ते कधी येऊ द्यायची नाही. असे चारशे बारा शब्द झाले.

पुढची पाच वर्षं मी नुसता बोलत होतो, मित्रांनो. बारकीची जीभच म्हणा ना. ती माझ्यावर बसली, एकदा मला बादलीत बुडवून झालं, पण तिचं बोट चित्रावर पडलं की मी बोलायचो. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये लोक वळून बघायचे. "काय हुशार यंत्र आहे!" म्हणायचे. खरं तर हुशार ती होती, पण कौतुक कुणाला नको असतं?

मग मी थकत गेलो. आणि एक दिवस शाळेत, मधल्या सुट्टीनंतर, ऐन गरजेच्या वेळी बंद पडलो. बारकीच्या पोटात दुखायला लागलं होतं. 'दुखतंय' दाबायला तिने बोट टेकवलं, तर समोर काळी काच. ती मला थापट्या मारू लागली, किंचाळू लागली. वर्गाच्या बाईंना वाटलं हट्ट चाललाय. त्यांनी मला कपाटावर ठेवून दिलं. शाळा सुटेपर्यंत मी वरून बघत होतो. ती बाकावर पोट धरून वाकली होती आणि मी काही म्हणजे काही करू शकत नव्हतो. शाळा सुटल्यावर आईने तिला थेट दवाखान्यात नेलं आणि त्याच दिवशी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं," असं डॉक्टर म्हणाल्याचं मी नंतर ऐकलं.

बारकी घरी आली आणि मामा नवा टॅब घेऊन आला.

"हा घे. आता जुन्याला सुट्टी," मामा म्हणाला. "ते बोलायचं अ‍ॅप यात टाकतो. दोन मिनिटांचं काम आहे."

ती दोन मिनिटं तीन दिवस चालली. नव्या टॅबवर अ‍ॅप शोधलं, तर पाटी आली, 'हे अ‍ॅप तुमच्या उपकरणावर चालणार नाही.' मामाने टॅब बंद करून चालू केला. सगळे अपडेट घेतले. मुलांच्या खात्यामुळे अडत असेल म्हणून स्वतःचं खातं घातलं. शेवटी माझ्यातलं अ‍ॅप उचलून तिकडे नेलं, तर नव्याने तोंड फिरवलं, 'हे अ‍ॅप जुन्या प्रणालीसाठी बनवलेलं आहे.' अ‍ॅप बनवणाऱ्यांना पत्र धाडलं, ते जसंच्या तसं परत आलं. ती कंपनी केव्हाच बंद झाली होती.

"झाली का दोन मिनिटं?" आईने विचारलं.

"तू नको ना चिडवूस," मामा डोकं धरून म्हणाला.

मग आई आम्हा दोघांना पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या ताईंनी भिंगाचा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि बराच वेळ आम्हाला उलटंपालटं केलं.

"नव्यात बिघाड काही नाही," त्या म्हणाल्या. "त्याला जुन्या वळणाची अ‍ॅप्स समजतच नाहीत. हे अ‍ॅप काही तिकडे जायचं नाही."

आई मटकन स्टुलावर बसली. "मग पाच वर्षांचं सगळं गेलंच म्हणायचं?"

"गेलं कसं? अ‍ॅप कंपनीचं होतं, शब्द तुमचे आहेत. आवाज काढून देते. दुसरं अ‍ॅप घ्या आणि त्यात बसवा."

वायर जोडून आवाज काढता काढता मी सहा वेळा बंद पडलो. ताईंनी सहाही वेळा न कुरकुरता मला उठवलं. आतलं सगळं उपसून झालं तेव्हा मला कसं रिकामं रिकामं वाटलं, पण खोटं कशाला बोलू, हलकंही वाटलं.

मामाने नवं अ‍ॅप हौसेने लावलं. माणसं वर, खाणंपिणं खाली, सगळं कसं नीटनेटकं. बारकीने टॅब मांडीवर घेतला आणि डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"मामा," नवा टॅब बोलला.

"अरे वा, मला बोलावते!" मामा खूश.

तिने पुन्हा दाबलं. मामा. पुन्हा दाबलं. मामा. चौथ्या वेळी तिने टॅब ढकलून दिला आणि रडायला लागली. माझ्यात त्या कोपऱ्यात 'पाणी' होतं.

आईने मला उचलून शेजारी ठेवलं आणि दोन्ही काचांकडे बघत राहिली. "अरे, ती चित्र बघतच नाही. तिचं बोट जागा ओळखतं. सगळं काढ. याच्यात जिथे आहे तिथेच बसवायचं."

दोन आठवडे लागले. आई एकेक चित्र उचलून जागेवर ठेवायची आणि बारकीचं बोट त्यावर नेऊन बघायची. एवढा आटापिटा झाला, पण आवाज भरले फक्त चारशे अकरा. 'नको' उतरलाच नव्हता. तो शब्द माझ्यातच खराब झाला होता, कधीपासून नुसता खरखरायचा.

आईने तो नव्याने म्हटला. बारकीने ऐकला आणि नाही म्हणून मान हलवली. पुन्हा म्हटला. पुन्हा मान. आईचा आवाज आता पूर्वीचा राहिला नव्हता, जड झाला होता. चौथ्या वेळी तिचा बांध फुटला. "अगं, मी दमले गं. कसा म्हणू आता?" आणि तिने टेबलावर डोकं टेकलं. रेकॉर्डिंगचं पान तसंच उघडं होतं.

बारकीने आईच्या केसांवरून हात फिरवला. मग टॅब स्वतःकडे ओढला, आईसारखंच रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं, तोंड अगदी काचेला लावलं आणि सगळा जोर लावून म्हणाली, "क्को!"

आईने डोकं वर केलं. बारकीने चित्र दाबून दाखवलं. नव्या टॅबमधून बारकीचा आवाज आला, "क्को!" ती स्वतःच हसत सुटली. आई हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

मी पाच वर्षं तिच्यासाठी बोललो, मित्रांनो, पण तिचा स्वतःचा आवाज एकदा तरी माझ्यात घ्यावा, हे कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा शाळेत गेली. मी घरीच होतो. संध्याकाळी आई मामाला फोनवर सांगत होती, "बाई सगळ्यांसमोर तिला उचलून घ्यायला गेल्या, तर हिने दाबलं, 'क्को!' बाईंनी लगेच हात मागे घेतले. हिला दुसऱ्यांदा दाबावं लागलं नाही रे."

तेवढंच ऐकायचं होतं मला. आता मला कुणी चालू नाही केलं तरी चालेल. पण तुमच्या वर्गात असं एखादं मूल असेल, आणि त्याचं यंत्र गप्प झालेलं असताना ते थापट्या मारत असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. माझ्यासारख्याला कपाटावर ठेवा खुशाल. त्या मुलाजवळ मात्र बसा, आणि कुठे दुखतंय ते विचारा.