सरलाबाईंचा फोटो आणि गुडघ्याचं तेल

सरलाबाईंचा फोटो पेपरात आला आणि सुरतेच्या उधन्यातल्या त्यांच्या गल्लीत त्यांची पुरती पंचाईत झाली. गुजराती पेपर, अर्धं पान, तोंडभर हसू. खालचा मजकूर त्यांच्या मुलानं, ललितनं, वाचून दाखवला: ‘धुळ्याच्या कमलाबाई म्हणतात, या तेलानं महिन्यात गुडघे बरे झाले, आता मी वणीचा गड चढते.’ गड सोडा, घराचा जिना चढताना बाईंना दोनदा थांबावं लागत होतं.

हे कुठून आलं, ते आठवायला वेळ लागला नाही. दोन महिन्यांपूर्वी समाजाच्या हॉलमध्ये गुडघ्यांची फुकट तपासणी होती. चहा-बिस्किटं मिळाली, कसल्याशा कागदावर सही घेतली आणि कॅमेरेवाला म्हणाला, “मावशी, हसा ना.” बाई हसल्या. एवढाच काय तो गुन्हा. ललितनं पेपरच्या कचेरीत फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, जाहिरातीतल्या मजकुराची जबाबदारी आमची नाही, तसं आम्ही बारीक अक्षरांत छापतो. ज्यांचे डोळे गुडघ्यांच्याही आधी गेलेत त्यांनी ती बारीक अक्षरं कशी वाचायची, हे काही त्यानं सांगितलं नाही.

गल्लीनं चार दिवस थट्टा केली आणि विषय सोडला. शेजारच्या नूतननं मात्र सोडला नाही. बारा वर्षांचा शेजार, सख्ख्या बहिणींसारखं येणंजाणं. तिची आई अमळनेरला गुडघे धरून बसलेली. पेपर हातात घेऊनच ती तरातरा आली आणि अहिराणीत सुरू झाली.

“ताई, तुना गुडघा बरा व्हई गया आनि तू माले सांगं बी नही? मनी मायसाठे एक बाटली तरी देती!”

“अवं, मी ते तेल डोयाघाई देखं बी नही!”

“मंग हाऊ फोटो काय मना शे?”

पेपरातलं नाव ताईनं लाजेखातर बदललं असेल, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. छापलेलं खोटं कसं असेल, असं तिनं विचारलं, आणि जन्मभर बाई स्वतः हेच म्हणत आल्या होत्या. नूतन गेली ती गेलीच. तिचं दार बंद राहू लागलं. जिन्यात भेटली तरी मान फिरवायची. बाईंना जेवण गोड लागेना.

नवव्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीच बाटली आणली. एक शिल्लक होती म्हणायचं, देऊन टाकायची, मिटलं. एवढंसं खोटं, त्यात कुणाचं काय जातंय? असं मनाशी घोकत त्यांनी नूतनचं दार वाजवलं.

बाटली पाहिल्याबरोबर नूतनचा चेहरा फुलला. “माले माहीत व्हतं ताई, तू देशी!” तिनं बाईंना मिठीच मारली.

आता फक्त गप्प राहायचं होतं. पण अमळनेरची ती म्हातारी सकाळ-संध्याकाळ तेल चोळून उठून बघणार, आणि तेही सरलाबाईंच्या भरवशावर, हे मनात आलं आणि त्यांनी मिठी सोडवली.

“नूतन, सील देख. हाई बाटली मी आजच इकत आनी. मना घरमा हाई तेल कधीच वनं नही. तू मनासंगे बोलत नव्हती म्हनीसन आनी.”

नूतननं सील पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. संपलं सगळं, बाईंना वाटलं. तेवढ्यात तिनं फोन उचलला, आईला लावला आणि स्पीकर चालू केला.

“माय, त्या तेलनी वाट देखू नको. त्यामा काही दम नही.”

“पेपरमा तर वनं व्हतं ना?”

“सरलाताई नही म्हने.”

पलीकडे म्हातारी क्षणभरही अडखळली नाही. “सरला नही म्हने? मंग पेपर खोटा.”

बाईंना एकदम भरून आलं. जिला आपण जन्मात दोनदाच भेटलो, तिनं अर्ध्या पानाच्या छापील मजकुरापेक्षा आपला शब्द वर ठेवला! त्या आनंदात गुडघ्यांचं भानच राहिलं नाही आणि त्या नूतनच्या उंबऱ्यावर मटकन खाली बसल्या. आता त्यांना उठवायला नूतनच हवी होती, आणि ती दोन्ही हात पुढे करून हसत उभी होती.