प्लंबरची गळकी मोटारसायकल

गावभरचे नळ ज्याच्या हाताखाली गप्प बसत, त्या प्लंबरला त्याच्याच जुन्या मोटारसायकलने पाणी पाजलं होतं. कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकत होतं, इंजिनखालून तेल. "काय मिस्त्री, गाडीला वॉशर मिळेना का?" शेजारी विचारी. हा दात दाखवी आणि आतल्या आत जळे.

गॅस्केट बदललं, ऑइल सील बदललं, पेट्रोलचा कॉक नवा बसवला. तरी फरशीवर तोच मेला काळा डाग. पेट्रोलचा वास तर थेट स्वयंपाकघरात. शेवटी बायकोने ठणकावलं, "घरात एक तर ही राहील, नाहीतर गॅस. उद्या भंगारवाला येतोय." गाडी मूळची अण्णांची, त्याच्या वडिलांची. खुर्चीत बसून त्यांनी सगळं ऐकलं.

तेल टपकतं तिथूनच गळतं असं नसतं. ओघळत कुठूनही येतं. म्हणून संध्याकाळी त्याने इंजिन धुऊन कोरडं केलं आणि त्यावर बायकोचा पावडरचा डबा पालथा केला. आता पांढऱ्यावर ओघळ उमटला की चोर सापडलाच!

सकाळी बघतो तर ओघळ एकही नाही. तेलाच्या झाकणाभोवती मात्र बोटांचे ठसे. आठवणीने बंद केलेला कॉक सताड उघडा. झाकणाला जोडलेली मोजपट्टी बाहेर काढली, तर तेल खुणेच्या बोटभर वर! त्याच्या डोक्यात तिडीक गेली. अण्णांच्या बोटांवर अजून पावडर होती.

"अण्णा, रोज तेल तुम्ही ओतता?"

"सकाळी तुझी घाई असते. कॉक उघडून ठेवतो, जरासं तेल घालतो. पहिल्या किकला सुरू होते ना?"

"अहो, भरलेल्यात ओतलं तर गाडी चालू झाली की ते बाहेरच येणार! आणि कॉक उघडा राहिला की पेट्रोल टपकणार! मी वेड्यासारखा इंजिन खोलत बसलोय! पट्टीवरची खूण बघायची नाही?"

अण्णांनी बोटं पँटला पुसली. "दिसली असती तर बघितली असती."

अण्णांनी पेपर वाचणं कधी सोडलं, ते त्याला आठवेना. नट न् नट तपासला होता त्याने, आणि घरातल्या माणसाकडे बघितलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

बायको दारातूनच म्हणाली, "भंगारवाल्याला मी नको म्हणून सांगते. तू आधी अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने."

त्याने जास्तीचं तेल काढून टाकलं. मग पिशवीतून कानस काढली, पट्टीवरच्या खुणेवर खाच पाडली आणि पट्टी पुसून पुन्हा बुडवली.

"इथे चाचपा. खाचेपाशी ओलं लागलं तर एक थेंब घालायचा नाही. आणि कॉकला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!" आवाज अजून चढाच होता.

अण्णांनी अंगठा सावकाश फिरवला. "ओलं आहे."

"मग?"

"मग आज नको," अण्णा म्हणाले आणि झाकण त्यांनी स्वतःच्या हाताने घट्ट बसवलं.