सोमवारची साखर

देवणीच्या बाजारात शिवप्पांचं शेतीऔषधांचं दुकान तीस वर्षं चाललं ते औषधांपेक्षा त्यांच्या गप्पांवर, असं लोक म्हणत. शाळा चौथीतच सुटलेली, पण डब्यांवरचा बारीक मजकूर वाचून वाचून ते असे तयार झाले होते की वाळलेल्या रोपाच्या मुळाचा वास घेऊन अळी कोणती ते सांगत. गिऱ्हाइकाला चहा पाजत आणि म्हणत, "जमीन म्हंजे पोट हाय, मालक. पोटात जंत झाले की औषध लागतंयच." मालक हसत आणि दाणेदार औषधाची पिशवी काखेत मारून वाटेला लागत.

त्यांच्या बायकोला, कमलम्माला, हे बोलणं रुचत नसे. दर सोमवारी आंघोळ झाली की ती अंगणातल्या मुंग्यांच्या बिळाशी चिमूटभर साखर घाली. "तुम्ही हप्ताभर मारता, मी एक दिवस चारते," ती म्हणे. "मुंग्या माणूस ओळखतात बरं. माझ्याकडं बघून तुम्हाला सोडून दिलंय त्यांनी."

तीन वर्षांपूर्वी ती वारली, लिंगैक्य झाली. लिंगायत रिवाजाप्रमाणे तिला शेतात, बेलाच्या झाडाखाली, मातीत बसवायचं ठरलं. खड्डा खणताना एका बाजूला वाळवीचं घर फुटलं, पांढऱ्या किड्यांची धांदल उडाली, आणि आता हेच किडे कमलम्माला खाणार, एवढंच शिवप्पांच्या मनात आलं. खड्ड्यात मीठ घालायची पद्धत. ते आणायला म्हणून ते स्वतः दुकानी गेले. मिठात त्यांनी सगळ्यांत जहाल औषधाच्या दोन पिशव्या मिसळल्या, हे कोणाला कळलं नाही. विधीला आलेल्या जंगमस्वामींनी तेवढं विचारलं, "मीठ असं करडं कसं?"

"जाडं मीठ हाय, स्वामी," शिवप्पा म्हणाले.

पहिल्या वर्षी समाधीजवळ एक मुंगी दिसेना, आणि त्यांना समाधान वाटलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या वावरातले शेषेराव बांधावरून म्हणाले, "अप्पा, तुमच्या बेलाखाली मागल्या दिवाळीचं शेण हाय बघा, बैलाच्या खुराचा ठसाबी तसाच. माझ्याकडं वाळवी पंधरा दिवसांत फन्ना उडवती."

शिवप्पांनी वाकून पाहिलं. गळलेली पानंसुद्धा कुजली नव्हती, थरावर थर साचला होता. हा निर्जीव गोल त्यांनी मोजला, समाधीपासून सात पावलं भरला. श्रावणात नऊ. संक्रांतीला तेरा. औषधाचा जोर नव्वद दिवस, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मातीत बसवलेलं माणूस माती झालं म्हणजे सुटलं. आणि सोडवणारे ते बारीक जीवच, एवढी साधी गोष्ट जन्मभर जमिनीवर बोलणाऱ्या माणसाच्या ध्यानात आली नव्हती. आता दुकानात गप्पा मारता मारता ते मधेच थांबत. आपण बसवली तशीच ती बसून असंल, हा एकच विचार मग डोक्यातून जाईना.

तिसऱ्या पुण्यतिथीला उदगीरहून लेक मंजुश्री आली. जेवताना तिनं विचारलं, "अप्पा, अव्वा मातीला मिळाली असंल ना आता?"

शिवप्पा ताटावरून उठले. शेषेरावांच्या उकिरड्यातून गांडुळं वळवळणारी घमेलंभर माती त्यांनी मागून घेतली आणि भर दुपारी एकटेच बेलाखाली गेले. समाधीची माती त्यांनी हातभर उकरली आणि घमेलं उपडं केलं. गांडुळं क्षणभर एकमेकांत गुंतून राहिली. मग सगळी एकाच दिशेनं, बांधाकडं, निघाली.

उकरलेल्या मातीत बेलाचं एक पान होतं. तीन वर्षांपूर्वी शेवटची मूठ टाकताना त्यांनीच ठेवलेलं. हिरवंगार होतं, आणि त्यावरचं गंध बोटाला लागलं.

त्यांनी माती परत लोटली आणि घरी आले. मंजुश्री दारातच उभी होती.

"कुठं गेला होता? जेवण तसंच टाकून?"

"अव्वाकडं."

"मग?"

"सुटली ती," शिवप्पा म्हणाले.

मंजुश्रीनं डोळे पुसले. मग सोमवार होता म्हणून तिनं साखरेचा डबा आणला, बिळाशी आईसारखी चिमूट सोडली आणि एक चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवली. मुंग्या बाहेर आल्या. लेकीची साखर उचलून त्यांची रांग अंगणात पाटावर बसलेल्या शिवप्पांकडं सरकली, हातभर अंतरावर आली आणि वळली. त्यांना गोल वळसा घालून पलीकडं गेली. त्यांनी साखरेचा हात पुढं केला. रांग तेवढीच मागं सरली.

पुढच्या सोमवारी मुंग्यांची रांग त्यांच्यापासून आणखी लांब, भिंतीकडेनं चालली होती.