सादिरने न खोडलेली ओळ

या, जवळ सरका. चहाची वाटी हातात घ्या आणि पाय दुमडून निवांत बसा. नारिन गावच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत एका सकाळी काय घडलं ते सांगतो. ऐकता ऐकता तुमचाही जीव खाली-वर झाला नाही, तर मला बोल लावा.

सकाळचे नऊ वाजले होते. अंगावर समारंभाचा रेशमी झगा, डोक्याचा रुमाल घसरून खांद्यावर आलेला, अशी तिथलीच कारकून बुरुल धावतच कचेरीत शिरली.

"मेलिस बाइके, कॉम्प्युटर सुरू करा! लग्न मोडतंय!"

"कुणाचं? माझं तर वीस वर्षांपूर्वीच मोडायला हवं होतं," मेलिस म्हणाला. कचेरीतली सगळी यंत्रं त्याच्या हाताखाली, आणि बुरुल त्याला बाइके, म्हणजे दादा, म्हणायची. तोंडात तळलेल्या पिठाचा बोरसोक होता.

"थट्टा नको. सिमिकचं, माझ्या भावाचं! मीरीमच्या कानात साखरपुड्याचे झुमके घालायला गेलो होतो. तिच्या आजोबांनी, जुमाश अतांनी, सिमिकला बापापासून वरचे सात बाप म्हणायला लावले. सातवा निघाला बोरबाश. आणि मीरीमचा आठवा बोरबाशच!"

मेलिसचं चघळणं थांबलं. दोघांचा सामाईक पूर्वज एकाच्याही सात पिढ्यांत आला, तर सोयरीक होत नाही. मग नवरा-नवरी रडोत की मरोत. इथे सिमिकची बाजू एका पिढीने अडली होती.

"अता काय म्हणाले?"

"चहाची वाटी पालथी घातली. मी पायच धरले. तेव्हा म्हणाले, दुपारच्या नमाजापर्यंत थांबतो, मग घोड्यावर बसून आपल्या घरी जातो. सव्वा वाजेपर्यंत, बाइके!"

तिने आपल्या पणजोबांची, तोक्तोसुनची, नोंद उघडली. जन्म १९२६, बाप सारिबाय. आईचं जन्मसाल पाहिलं आणि तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"१८६८! अठ्ठावन्न वर्षांची बाळंतीण? बाइके, ही आई नव्हे, आजी आहे! पहिला नातू आजोबांनी मांडीवर घेतला असणार!"

तशी रीतच होती. थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजी-आजोबा आपलं म्हणून वाढवत. मूल खऱ्या बापाला दादा म्हणे आणि त्याला कुणी कधी खरं सांगत नसे. पुढे कागदावरही आजोबाच बाप होई. मधली एक पिढी गडप!

"पण जन्माच्या वेळची नोंद असेल की," बुरुल म्हणाली. "आपल्या डेटाबेसमध्ये जुन्या वह्याही चढवल्यात, आणि तो जुनं काहीच टाकत नाही. दुरुस्ती झाली की नवी प्रत वर, जुनी खाली."

"आहे ना. पण पोचणार कशी?" मेलिसने मान खाजवली. "सूची फक्त आजच्या प्रतींची आहे. मेलेल्या प्रती कोण विचारतो, म्हणून तेव्हा मीच केली नाही."

तिने यंत्राला विचारलं : १९२६ साली तोक्तोसुनचा बाप कोण? यंत्र घरघरू लागलं. एका माणसाचं उत्तर द्यायला ते सगळा तालुका १९२६ पर्यंत मागे नेऊ लागलं, एकेक दुरुस्ती उलटी उलगडत. पडद्यावर आकडा आला : पाच तास.

साडेदहा झाले. अकरा. बुरुल नखं खात होती. एकाएकी ती ताडकन उठली.

"एक गोधडी काढायला आपण सगळ्या गावाच्या चळती उपसतोय! प्रत्येक माणसाची चळत वेगळी लावा, तिच्यात तारखेनं क्रम. कुठली प्रत कधीपासून कधीपर्यंत खरी, ते वरच टाचून ठेवा. मग थेट हात घालता येईल!"

"त्यासाठी हे चाललंय ते थांबवावं लागेल. सूची बांधायला तासभर जाईल. आणि फसली तर पुन्हा पहिल्यापासून, नमाज काय, मग संध्याकाळ होईल."

"नाहीतरी हे दोनच्या आधी थोडंच संपतंय? थांबवा!"

"एकदा विचार कर, पोरी."

"बिस्मिल्लाह," म्हणत तिनेच कळ दाबली.

तो तास तिने कसा काढला, तिचं तिलाच ठाऊक. सिमिकचे फोन सारखे येत होते; थोरल्या बहिणीला तो एजे म्हणे. "एजे, अतांनी बूट घातले!" "एजे, खोगीर मागवलं!" "त्यांना आणखी एक वाटी पाज, गाढवा!" ती ओरडली.

बारा वाजले आणि सूची बांधून झाली. तिने तोच प्रश्न पुन्हा घातला. बोट कळीवरून उचललंही नव्हतं, तोच उत्तर समोर : बाप मामबेत. मामबेतचा बाप? सारिबाय!

"आठ!" मेलिस खुर्चीतून उडालाच. "बोरबाश आठवा! अगं, पळ!"

पळण्याआधी तिने मूळ वहीच्या पानाचा फोटो छापून घेतला.

ती पोचली तेव्हा जुमाश अतांचा एक पाय रिकिबीत होता. तिने घोड्याचा लगामच धरला आणि कागद पुढे केला. म्हाताऱ्याने तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला. मामबेतच्या नावावर एकच बारीक रेघ होती. खालचं अक्षर न् अक्षर लागत होतं. बाजूला लिहिलं होतं : 'मूल आजोबांच्या मांडीवर दिलं. १९३१. लेखनिक सादिर मोल्दो.'

अतांनी बोटांवर बाप मोजले. एकदा, दोनदा. मग रिकिबीतला पाय काढला.

"आजोबांचा लाडका होता म्हणायचा तुमचा तोक्तोसुन," ते म्हणाले आणि दाराकडे वळून गरजले, "सुनांनो, माझी वाटी कुणी पळवली? भरा! आणि त्या पोरीला आणा, कान किती वेळ रिकामे ठेवायचे?"

झुमके घातले गेले. अतांनी तळहात उघडून दुवा मागितली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. "ओमीन!" सिमिक तर हसता हसता रडत होता.

तेव्हा माझ्या मायबापांनो, तुम्ही दुवेसाठी हात पसराल तेव्हा त्या सादिर मोल्दोची आठवण काढा. नवं लिहिताना जुनं खरवडून टाकायला चाकू त्याच्या हाताशी असेलच. त्याने नुसती रेघ ओढली आणि तारीख घातली.