शेवाळाला आवतण

जे आपल्यासाठी राबते त्याला कृतज्ञतेने घास द्यावा, हा आपला जुना धर्म आहे. परंतु घेणाऱ्याची भूक कोणती हे आधी जाणून घ्यावे, हेही त्याच धर्माचे अंग होय. अमरावतीच्या एका बस कार्यशाळेत मिस्त्री खुशालरावांना हे दुसरे अंग उशिरा उमगले. उमगले तेव्हा त्यांच्यापुढे हिरव्याचे करडे झालेले पाणी होते.

वलगावला जाणाऱ्या बसच्या पाठीवर काचेच्या उभ्या नळ्या बसवल्या होत्या. त्यांत शेवाळ वाढे. इंजिनाचा धूर थंड करून बुडबुड्यांनी त्या पाण्यात सोडायचा. धुरातला कर्बवायू आणि वरचा उजेड यांवर शेवाळाने जगायचे. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या रूपाली मॅडमचा हा प्रयोग, देखभाल खुशालरावांकडे. आयुष्यभर इंजिने उघडली-मिटली, आणि त्यांतून निघणारा धूर नाकातोंडाने सोसला. तोच धूर कोणाचे तरी अन्न होऊ शकतो, या विचाराचे त्यांना अपार नवल वाटे. दुपारचा डबा ते नळ्यांपाशीच उघडत. हे अंधारात निजत असेल काय? याला चव कळत असेल काय?

"काका, हे तं नासलं! आंबलेल्या ताकावानी वास येऊन राहिला," बसचालक कुलदीप नाक दाबत म्हणाला.

"मले नाक हाय ना, बाबू."

"उद्या सायेब लोक पाहाले येऊन राहिले. मेलेलं दिसलं तं नळ्या भंगारात टाकतीन." त्याने आवाज उतरवला. "मॅडमले सांगा, उनानं गेलं. भादव्याचं ऊन कोनाले सोडते?"

खुशालरावांनी मनाशी हिशेब मांडला. उन्हाचे नाव पुढे केले तर वऱ्हाडात हा जीव टिकत नाही असाच निर्णय होणार, आणि प्रयोग कायमचा मिटणार. खरे सांगितले तर प्रयोग कदाचित वाचेल. नळ्या मात्र त्यांच्या हातून जातील.

रूपाली आली. तिने करड्या पाण्याकडे वाकून पाहिले. "ऊन जास्त झालं का हो, काका?"

कुलदीपने डोळ्याने खूण केली. खुशालरावांनी ती पाहिली आणि टोपी काढून हातात घेतली.

"ऊन नाई, मॅडम. म्या त्याले जेवू घातलं."

"काय?"

"बैलायचा पोया होता ना. बैलजोडी कवाचीच गेली आमची. मनलं, आता धूर वढते तं हेच आपलं जनावर. आदल्या सांजेले नळ्याले हळद-लोनी चोळलं, आवतन देल्लं. दुसऱ्या दिशी पुरन दुधात कालवून चारलं."

"चारलं म्हणजे? पाण्यात?"

"तोंड कुठं हाय त्याले? झाकन उघडलं आन वतलं."

कुलदीपला हसू आवरेना. "काका, बैलबी मान फिरवते पोट भरलं तं! हे बिचारं मान कुठून आनीन?"

रूपाली हसली नाही. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू कुतूहलाची झाली. "सगळ्या नळ्यांत?"

"शेवटच्या नळीले पुरन उरलंच नाई. तिले नुसतं आवतन भेटलं."

तिघेही वळले. कडेची ती नळी पोपटी हिरवी होती. तिच्यातून बारीक बुडबुडे शांतपणे वर चढत होते.

"पुरणावर दुसरेच जीव पोसले, काका. डोळ्यांना न दिसणारे. त्यांनी शेवाळाचा श्वासच कोंडला."

"मंजे आवतन याले, आन पंगतीत भलतेच बसले." खुशालराव खिन्नपणे म्हणाले, मग न राहवून त्यांनी विचारले, "मंग सनाले याले गोडधोड मनून काय द्यावं?"

"उजेड," ती म्हणाली. "अन् नळ्यांची काच स्वच्छ."

दुसऱ्या दिवशी रूपालीने साहेबांना सारे जसेच्या तसे सांगितले. त्यांनी शेवटची नळी बराच वेळ निरखली. प्रयोग पुन्हा करावा, असे ठरले. पण अकोल्यात, आणि झाकणांना कुलपे लावून. खुशालरावांनी पुन्हा इंजिनांकडेच जावे.

"बरोबर हाय," खुशालराव एवढेच म्हणाले.

शेवटच्या नळीतले पाणी काचेच्या बरणीत घेऊन रूपाली अकोल्याच्या एसटीत बसली. ती मांडीवरची बरणी सावरीत होती. खुशालराव बाहेरून खिडकीशी आले. त्यांचा हात बरणीकडे गेला आणि अर्ध्यावरून परतला. ते म्हणाले, "मॅडम, या बाजूनं सावली येईन. पल्याडच्या खिडकीत बसान तं त्याले सारा रस्ता ऊन भेटीन."

रूपाली उठून पलीकडे बसली. बरणीत ऊन उतरले.

गाडी हलली. तिने मागे सोडलेल्या धुरात खुशालराव हात जोडून उभे होते.

"जाय, बाप्पा," ते पुटपुटले. "सुखानं नांद. तुयासंगं त्या लेकीचंबी भलं हो."