चार हजार वर्षांचं सुतक

अळणावरजवळच्या एका खेड्यात पुंडलिक आणि बाबाजी यांची शेतं एकमेकांना लागून होती, आणि मधला बांध दोघांच्याही डोळ्यात खुपायचा. समोरच्यानं तो रेटत रेटत आपल्यात आणलाय, यावर दोघेही ठाम. म्हणून उत्खनन करणाऱ्या मीनाक्षी मॅडम धारवाडहून आल्या आणि नेमक्या त्या बांधावर खणायची परवानगी मागू लागल्या, तेव्हा दोघांनीही पटकन मान डोलावली. हद्दीचा जुना दगड निघेल आणि बाबाजीचं पितळ उघडं पडेल, असा पुंडलिकाचा हिशेब. बाबाजीचाही हिशेब तोच, फक्त नाव वेगळं.

निघालं भलतंच. आधी खापरं, मग जळके कुळीथ, दळायचा खोलगट दगड, घासून गुळगुळीत केलेली दगडी कुऱ्हाड. शेवटी दोन मडक्यांच्या शेजारी उताणा निजलेला माणसाचा सांगाडा. डोकं पुंडलिकाच्या शेतात, पाय बाबाजीच्या.

"चार हजार वर्षांपूर्वी इथं शेतकऱ्यांची वस्ती होती," मॅडम म्हणाल्या. "या भागातल्या अगदी पहिल्यांपैकी. घरचं माणूस गेलं की घरातच पुरायचे."

बघायला सगळं गाव लोटलं होतं. एवढी माणसं समोर असताना पुंडलिकाला गप्प बसवेना.

"ऐकलंस काय, बाबाजी? हा माझा पूर्वज! तेव्हापासून आम्ही इथं राबतोय. आता काढ बांधाचं नाव!"

"पाय माझ्यात आहेत की."

"पायानं काय होतंय? माणूस डोक्यानं ओळखतात. कपाळ बघ, थेट आमच्या अप्पाचं!"

बाबाजीनं खड्ड्यात वाकून ते कपाळ न्याहाळलं. "खरंच तुझ्या रक्ताचा?"

"गळ्याशप्पथ!"

"अरेरे." बाबाजीनं डोक्यावरची टोपी काढली. "म्हणजे सुतक लागलं रे तुला. शुक्रवारी तुझ्या लेकीचा, शुभांगीचा साखरपुडा, आता कसं करतोस?"

लोक हसले. पुंडलिकही हसला, पण घरी पोचेपर्यंतच. व्याही रामचंद्रराव, हुबळीत कमरीपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. अमावास्येला नवी चप्पलही पायात न घालणारा माणूस. त्यांचा फोन पुंडलिकाच्या आधी घरात पोचला होता.

"कोण वारलं म्हणे तुमच्यात?"

"कुणी नाही हो अण्णा. जुनं आहे ते."

"किती जुनं?"

"चार हजार वर्षं."

पलीकडे पंचांगाची पानं सळसळली. मग खालच्या आवाजात प्रश्न आला, "तुम्हाला कधी कळलं?"

"आज."

"मग आजपासूनच धरायचं की! तेरा दिवस. साखरपुडा पुढं ढकला."

सोनाबाईनं फोनमधलं सगळं ऐकलं होतं. "जिवंतपणी अप्पांना कधी पाणी विचारलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि आता मातीतली हाडं उकरून नातं लावायला गेला!"

पुंडलिक धापा टाकत परत शेतावर गेला. "मॅडम, हा आमचा कुणी नव्हे असं सगळ्यांसमोर सांगा की."

"कसं सांगू? असेलही तुमचा."

तो बाबाजीकडे वळला. "घे बाबा, तुझाच हा. पाय तुझ्यात आहेत."

"छे छे. माणूस डोक्यानं ओळखतात."

दुसऱ्या दिवशी रामचंद्रराव आपल्या म्हाताऱ्या आईला, गोदूबाईंना, घेऊन स्वतःच आले. गोदूबाईंनी खड्ड्यात डोकावून बघितलं, मग मुलाकडे. "रामा, तुला काडीची अक्कल नाही. वर्ष उलटल्यावर बातमी कळली तर सुतक नसतं. अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली की सुटला."

पुंडलिकानं सुटकेचा निःश्वास सोडला. पण जानेवारीची सकाळ, आणि जवळ पाणी म्हणजे बाबाजीच्याच बोअरचं. मागावं तर लागणारच. बाबाजीनं आनंदानं मोटर चालू केली आणि पाइप स्वतःच हातात धरला.

"डोळे मीट. रक्ताचं नातं आहे, मनापासून व्हायला पाहिजे."

पुंडलिक कुडकुडत, शिव्या गिळत उभा राहिला. मुंडासं भिजलं, धोतर भिजलं, खिशातली विड्यांची चंची भिजली. बाबाजीला पाणी बंद करायची मुळीच घाई नव्हती.

तेवढ्यात खड्ड्यातून मॅडमनी हाक मारली. "पुंडलिकअण्णा, कमरेची हाडं मातीतून मोकळी झाली, त्यावरून कळलं. बाई आहे ही! गुडघे आणि पायाची बोटं बघा, कशी झिजलीत. जन्मभर गुडघे मुडपून दळत बसलेली."

पुंडलिक पाणी निथळत तसाच कडेला आला. कपाळाबद्दल तो आता काही बोलला नाही. पाहुण्यांबरोबर आलेली सोनाबाई मात्र खाली बसली आणि नकळत स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. "बिचारी," ती म्हणाली, "हिला तरी कोण म्हणालं असेल, जरा विसाव म्हणून."

शुक्रवारी साखरपुडा झाला. पहिल्या पंगतीत बाबाजी होता, आणि पुंडलिकानं त्याला आग्रह करून वाढलं. सोनाबाईनं एक पान वेगळं काढलं, वर तुपाची धार धरली आणि खड्ड्यापाशी नेलं.

मॅडम गडबडल्या. "अक्का, इथं अन्न ठेवता येत नाही. मुंग्या येतील, माती बिघडेल."

सोनाबाईनं एकदा खड्ड्यात डोकावून बघितलं. मग तिनं ते पान मॅडमच्याच हातात दिलं. "मग तुम्ही जेवा. तिची विचारपूस तुम्हीच केलीत."

मॅडम हात धुऊन बांधावर बसल्या आणि जेवल्या.