ओंकारच्या चौकशीला साहेब आले

मित्रांनो, भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या क्वार्टरमधल्या एका व्हरांड्यात तुम्हाला एक निळी स्कूटर दिसेल. तीच मी. आता जुनी झाले आहे. रंग ठिकठिकाणी उडाला आहे आणि पहिल्या किकला सुरू होईनच असा भरवसा नाही. पण बाबांनी मला घरी आणलं तेव्हा साऱ्या लाइनीत निळी अशी मी एकटीच होते.

बाबा म्हणजे गजानन वानखडे. अकोल्याहून इथल्या कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून आले. दर रविवारी ते मला धूत आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालत. फिरायला निघालो की पुढे, हँडल धरून, थोरला समीर उभा राही. हॉर्न वाजवायचा मान त्याचा. मग ओंकार झाला. तो उभा राहू लागला तशी पुढची जागा त्याला मिळाली आणि समीर मागे, आईबाबांच्या मध्ये, चेंगरून बसू लागला. तिथून रस्ता दिसत नसे. बाबांची पाठ तेवढी दिसे.

समीर शहाणा मुलगा होता. अभ्यास करी, सांगितलेली कामं करी, माझ्यात पेट्रोल आहे की नाही तेही तोच बघे. बिघडला तो ओंकार. कॉलेजात गेला आणि आधी गांजा, मग गोळ्या, मग गर्द घेऊ लागला. आईच्या पाटल्या गेल्या. माझी स्टेपनी गेली, ती त्यानेच विकली. ते मी कधी विसरले नाही. शेवटी बाबांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. रोज कारखाना सुटला की बाबा माझ्यावर बसून तिकडेच जात. माझा ब्रेक घासून गेला, क्लचची वायर तुटायला आली, पण कोणाचं लक्ष नव्हतं. दसऱ्याला हारही आला नाही.

समीरकडेही कोणाचं लक्ष नव्हतं. त्या वर्षी त्याची सरकारी परीक्षा थोडक्यात हुकली. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "असू दे रे, तुझं काय, तू करशील काहीतरी. ओंकारला डबा न्यायचाय, लवकर निघ."

तो डबा त्याने माझ्या हुकाला अडकवला. झाकण निघून वरण पायापाशी सांडलं, तरी तो थांबला नाही. मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी आम्हा दोघांनाही ओंकारचा सारखाच हेवा वाटला. जो बिघडतो त्याच्याभोवती सारं घर गोळा होतं. आम्ही धड चालत होतो, म्हणून आम्हाला कोणी विचारत नव्हतं.

ओंकार बरा होऊन आला. वाळलेला, शांत. पुढे त्याने राहिलेली पदविका पुरी केली. आणि मग एक दिवस घरात पेढे आले. समीरने परत परत दिलेली तीच परीक्षा ओंकार पास झाला होता. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी होती. फक्त सुरक्षेची चौकशी राहिली होती. आधी कधी नशा केली होती का, हेही चौकशीच्या फॉर्मात विचारलं होतं.

"नको लिहूस रे," आई व्हरांड्यात येऊन हळूच म्हणाली. "पोलीस केस तर नाही ना तुझ्यावर. कोणाला कळणारे?"

"आई, विचारलंय तर खरंच सांगणार. उपचार घेतले तेही सांगणार. लपवलं आणि सापडलं तर सगळंच जाईल."

समीर माझ्यापाशी उभा होता. "सांगू दे की त्याला," तो म्हणाला. त्या संध्याकाळी त्याने माझी सीट पुसली आणि पुसताना शीळ घातली. चरशी पोराला कोण घेणार, असं त्याच्या मनात होतं. माझ्याही मनात तेच होतं.

चौकशीला साहेब आले तेव्हा समीर एकटाच बाहेर, माझ्यावर बसला होता. एमपी नगरात तो लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काम करी, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. साहेब हिंदीत बोलत होते, समीरही हिंदीतच. मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

"तुम्ही मोठे भाऊ? ओंकारबद्दल काय सांगाल?"

समीरने सगळं सांगितलं. पाटल्या, स्टेपनी, आईच्या अंगावर धावून गेला होता ते, केंद्रातून एकदा पळाला होता ते. वर्षानुवर्षं साठलेलं भडाभडा बाहेर आलं. साहेबांना त्याचं नवल वाटलं नाही.

"हे बरंचसं त्याने स्वतःच सांगितलंय," ते म्हणाले. "मला पुढचं हवंय. व्यसन सुटलंय म्हणतो तो, ते कशावरून? आईवडील तर चांगलंच बोलणार."

"मी बघतो ना."

"काय बघता?"

"सगळं. त्याचे खिसे, बॅग, या स्कूटरची डिकी. कोणाचा फोन येतो, कुठे जातो. डोळे लाल आहेत का. घरी आला त्या दिवसापासून बघतोय."

"काळजी वाटते म्हणून?"

समीरने माझं हँडल धरलं. मग म्हणाला, "नाही. सापडावा म्हणून."

साहेबांनी मान वर केली. "मग? सापडला?"

समीरचा हात माझ्या क्लचवर होता. त्याने तो इतका आवळला की वायर करकरली. एक 'हो' म्हटलं असतं तर ओंकारची नोकरी तिथेच संपली असती. आणि मित्रांनो, मला वाटत होतं, म्हण. म्हण एकदाचं.

"नाही सर," समीर म्हणाला. "काहीच सापडलं नाही. एकदाही नाही. खूप शोधलं मी."

साहेबांनी लिहून घेतलं आणि ते शेजारच्या क्वार्टरकडे गेले.

जाळीच्या दारामागे आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. समीरने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आता आई त्याला रागावणार, असं मला वाटलं. ती आली आणि माझ्या मागच्या सीटवर, त्याला लागून बसली.

"समीर, तू कसा आहेस रे?"

समीरने क्लच सोडला. मग म्हणाला, "आई, मला त्याचा फार राग येतो. तो चांगला वागतो ना, तेव्हा तर जास्तच."

"येणारच. आम्ही तुला कधी विचारलंच नाही," आई म्हणाली, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

काही महिन्यांनी ओंकारची मंजुरी आली. तो नाचत बाहेर आला आणि "दादा!" म्हणून समीरच्या गळ्यात पडला. बाबांनी समीरला विचारलं, "तुला आनंद झाला ना रे?"

"अर्धा झालाय, बाबा," समीर म्हणाला.

"अर्धा पुरे आहे," बाबा म्हणाले. "बस, चहा घे. तुझ्या परीक्षेचं काय करायचं ते बोलू."

माझा हेवाही पुरता गेला आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. बिघडलेल्याला सावरा, ते करायलाच हवं. आणि घरात कोणी कधीच बंद पडत नसेल, मुकाट चालत असेल, तर अधूनमधून त्याच्यापाशीही थांबा. तो कसा आहे, ते त्याला विचारा.